जागीच

विनाचालक गाड्यांचे नियम जिनं लिहिले, ती बाई स्वतः तसल्या गाडीत पाऊल ठेवायला तयार नव्हती. हसू नका. विमा विकणारा माणूस काय रोज मरून बघतो? तिचं काम गाडीत बसायचं नव्हतंच, शब्द बसवायचं होतं. वाहतूक खात्याच्या मसुदा शाखेत ती गेली कित्येक वर्षं एकाच टेबलाशी बसून दुसऱ्यांनी लिहून आणलेल्या नियमांतल्या पळवाटा शोधायची आणि बुजवायची. एखादा स्वल्पविराम चुकून राहिला तरी तिचा जीव खालीवर व्हायचा, म्हणून कचेरीत पोरीबाळींनी तिचं नाव ठेवलं होतं 'स्वल्पविराम मॅडम'. घरी मात्र ती भागू. भित्री भागूबाईतली भागू. हे बारसं केलं होतं थोरल्या बहिणीनं, म्हणजे ताईनं, आणि ते इतकं चिकटलं की खरं नाव हाक मारायला कुणी वापरेनासं झालं.

आणि भित्री म्हणजे किती? लिफ्टला जरा हिसका बसला की ही पुढच्या मजल्यावर उतरून जिना धरणार. गॅस बंद केला का, हे बघायला कोपऱ्यावरून परत येणार. शेजारचं कुत्रं दातांनी अधू झालं होतं तरी त्याला वळसा घालून जाणार. ताई याच्या अगदी उलट. नवरा गेला, मुलगा दूरच्या शहरात संसाराला लागला, तेव्हा ही बाई दोन बॅगा घेऊन बहिणीच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "सरक गं जरा. आजपासून तुझ्या भीतीला दोघींनी मिळून सांभाळू." तेव्हापासून दोघी एकत्र. भागूला ताईखेरीज कुणी नव्हतं, आणि हे तिला झोपेतसुद्धा ठाऊक असायचं.

पण भीतीचा एक फायदा असतो. भित्र्या माणसाला वाईट तेवढं आधी दिसतं. विनाचालक गाड्यांना रस्त्यावर आणायचं ठरलं तेव्हा साहेबांनी मसुदा मुद्दाम तिच्याकडे दिला. मोठमोठ्या लोकांनी मोठमोठं लिहिलेलं होतं, आणि एका कलमावर तिचं बोट थांबलं: 'संशय आल्यास वाहनाने सुरक्षित जागी थांबावे.'

"सुरक्षित जागा कोण ठरवणार?" तिनं बैठकीत विचारलं.

"अर्थात गाडी ठरवणार," गाड्या बनवणाऱ्या कंपनीचे वकील म्हणाले.

"संशय आलाय ना तिला? मग डोकं ठिकाणावर नसलेल्यानं जागा ठरवायची?"

चाचणीच्या दिवसांत एका गाडीनं एका सायकलवाल्याला धक्का दिला होता, आणि मग सुरक्षित जागा शोधत ती त्याला फरफटत पुढच्या चौकापर्यंत घेऊन गेली होती. त्याचे फोटो भागूनं पाहिले होते. तिनं 'सुरक्षित' हा शब्द खोडला आणि 'जागी'ला एक 'च' लावला. वाहनाने जागीच थांबावे. वकील म्हणाले, "मॅडम, एका 'च'साठी तुम्ही आख्खी बैठक अडवून धरलीय." ती म्हणाली, "हो, एका 'च'साठी." साऱ्या नोकरीत ती अशी एकदाच अडून बसली असेल. 'च' राहिला.

पुढं अपवाद घालायचे होते. पुलावर, बोगद्यात गाडी जागीच थांबून कसं चालेल? भागूनं लिहिलं: 'पूल, बोगदा व रेल्वे फाटक वगळून.' साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"फाटक आपलं नाही हो. रूळ रेल्वेचे, त्यामुळे तेवढा रस्ताही रेल्वेचा. त्यांना विचारायला गेलो तर आपण दोघं निवृत्त होऊ तरी उत्तर यायचं नाही. काढा ते."

"पण साहेब, गाडी तर तिथूनच..."

साहेबांनी फक्त भुवई उचलली. तेवढं पुरलं. तिनं 'व रेल्वे फाटक' खोडलं, राहिलेल्या दोन शब्दांत 'व' नीट बसवला, आणि कागद पुढं गेला. खात्यात काम केलेल्या माणसाला यात काही वावगं वाटणार नाही. जो तुकडा आपल्या हद्दीत नाही तो जगातच नाही.

गाड्या रस्त्यावर आल्या. लोक आधी टाळ्या पिटत होते, मग त्यांना कंटाळाही आला. भागू मात्र बस धरायची. ती चालवणारा माणूस तिला डोळ्यांनी दिसायचा, आणि तो वैतागलेला असला तरी तिला बरं वाटायचं.

ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सगळा बेत फिसकटला. टाके काढायला दवाखान्यात जायचं होतं. पाय वाकत नव्हता, वॉकरशिवाय एक पाऊल टाकता येत नव्हतं. बसचा प्रश्नच नव्हता. नेहमीचा टॅक्सीवाला गावाला गेलेला. भागू दुसरा कुणी मिळतो का म्हणून फोन लावत बसली होती, तोवर ताईनं आपल्या मोबाईलवर बोट फिरवून काम उरकलंसुद्धा.

"बोलावली," ताई म्हणाली. "तुझ्या नियमांचीच आहे. मागची सीट अशी मागं रेलते, पाय लांब ठेवता येतो. चल."

"ताई, नको ना."

"अगं, स्वतः शिजवलेलं खायला घाबरतेस होय?"

खाली दारासमोर पांढरी गाडी येऊन उभी होती. आत कुणी नाही. स्टिअरिंगच नाही. पण ताईला एकटीला कसं पाठवणार? तिनं ताईला अलगद आत बसवलं, पाय सीटवर लांब ठेवला, वॉकर घडी करून पुढं ठेवला, आणि स्वतः जीव मुठीत धरून पलीकडच्या दारानं आत शिरली. दार आपोआप लागलं. "नमस्कार. प्रवास सुरू करत आहे," गाडी म्हणाली.

खोटं कशाला बोला, गाडी छान चालली. सिग्नलला थांबली, रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्याला वाट दिली, खड्डा दिसला तर हळू झाली. ताई खिडकीतून बघत होती आणि मधूनमधून बहिणीकडे बघून गालात हसत होती. "श्वास घे गं. तुझ्याऐवजी ती नाही घेणार." भागूनं सीटची कड इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. पण वखारी मागं पडल्या, शाळा मागं पडली, आणि तिला पहिल्यांदाच वाटलं की हे जमण्यासारखं आहे. आपण लिहिलेलं खरंच चालतंय. तिनं कड सोडली.

पुढं फाटक होतं. उघडंच होतं. पुढं एक टेम्पो चालला होता, त्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या नव्याकोऱ्या गाद्या. टेम्पो रूळ ओलांडून गेला. गाडीनं शहाण्यासारखं थांबून पलीकडे जागा मोकळी झाल्याची खात्री केली आणि मगच ती रुळांवर चढली. नेमकं तेव्हा टेम्पोतल्या एका गादीचं प्लास्टिक सुटलं. भलंमोठं ढगळ प्लास्टिक, वाऱ्यानं फुगून उलटं आलं आणि फटकन गाडीच्या टपावरच्या कॅमेऱ्यांवर बसलं. पुढच्या काचेवरही आलं. आत दुधाळ अंधार झाला.

गाडी थांबली.

"मला खात्री नाही," गाडी शांतपणे म्हणाली. "नियमाप्रमाणे वाहन जागीच थांबवले आहे. मदत मागवत आहे."

भागूनं तो शब्द ऐकला. अगदी तिच्या 'च'सकट. बाजूच्या काचेतून खाली बघितलं, तर दाराखाली लोखंड चमकत होतं.

"भागू," ताई म्हणाली, "आपण रुळांवर आहोत का गं?"

तेवढ्यात छतातून एका माणसाचा आवाज आला. हाही नियमच होता, तिनंच घातलेला: प्रत्येक गाडीमागं दूर कुठेतरी एक जिवंत माणूस असलाच पाहिजे.

"नमस्कार, मदत कक्षातून बोलतोय. घाबरू नका मॅडम, गाडी तुमच्या सुरक्षेसाठी थांबली आहे."

"अहो, आम्ही रुळांवर आहोत! पुढं घ्या! थोडीच पुढं घ्या!"

"मॅडम, माझ्या पडद्यावर सगळं पांढरं दिसतंय. चारही बाजू दिसल्याशिवाय मला गाडी हलवायची परवानगी नाही. तसा नियम आहे."

"नियम मी लिहिलाय हो! मी!"

मग तो माणूस, लहान मुलाशी बोलावं तसा, म्हणाला, "हो मॅडम. शांत राहा. आपण दीर्घ श्वास घेऊ या."

आता काय करायचं सांगा. रडावं की हसावं? ताई मात्र हसली नाही. तिनं आपला लांब केलेला पाय दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवला, दुखण्यानं तोंड वाकडं केलं, आणि एकेक शब्द नीट उच्चारत म्हणाली, "हे बघ. तू तुझ्या बाजूनं उतर. गाडीला वळसा घालून माझ्या दाराशी ये. मला काखेत हात घालून ओढ. पाय गेला तर जाऊ दे, ओढ. कळलं?"

"हो."

"जा."

दाराची लाल मूठ ओढली की दार उघडतं, हे भागूला माहीत नसेल तर कुणाला? तिनं ओढली. दार उघडलं. ती खाली उतरली, खडीवर पाय घसरला, तिनं गाडीच्या पाठीला हात टेकला. चार पावलांचा वळसा होता. ती वळसा घालणारच होती. हे अगदी खरं आहे, तिच्या मनात दुसरं काहीही नव्हतं. फाटकवाल्याच्या खोलीत कसली तरी घंटा खणखणायला लागली होती, मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, कुणीतरी "हटा, हटा" म्हणून ओरडत होतं. आणि मग वळणापलीकडून रेल्वेची शिटी आली. लांब, भसाडी, पोटातून निघाल्यासारखी.

भागूला पुढचं आठवत नाही असं ती म्हणू शकली असती. पण तिला सगळं आठवतं. पाय वळले. तिनं वळवले नाहीत, ते वळले, आणि ती पळत सुटली. एक चप्पल रुळात अडकून राहिली. ती वाकली नाही, थांबली नाही, मागं बघितलं नाही. फाटक ओलांडून, फाटकवाल्याच्या खोलीवरून ती तशीच पुढं धावत होती. फाटकवाला हातात लाल झेंडा घेऊन बाहेर आला होता. त्यानं तिला दंडाला धरून थांबवलं.

"अहो बाई, आत कुणी आहे का? गाडीत कुणी राहिलंय का?"

तिनं तोंड उघडलं. बोबडी वळली होती. हो म्हणायला जीभ उचलेना, मान हलवायला मान हलेना. तिच्या डोक्यात त्या वेळी एकच गोष्ट होती: हो म्हटलं तर हा मला परत तिकडं नेईल.

"बाई, बोला की!"

ती बोलली नाही. त्यानं तिचा दंड सोडला आणि स्वतःच रुळांकडे धावला. मग ती विजेच्या खांबाला टेकून उभी राहिली आणि शिटीच्या पुढचा आवाज यायची वाट बघू लागली. आयुष्यभर तिनं नाना तऱ्हेची संकटं मनात रंगवली होती, आग, पूर, चोर, आजार. त्या सगळ्यांत ती ताईचा हात धरून उभी असायची.

पुढचा आवाज आलाच नाही.

टेम्पोवाला आपलं प्लास्टिक शोधत चालत परत आला होता. त्याला नुकसानीची पडलेली. त्यानं आणि फाटकवाल्यानं मिळून टपावरचं प्लास्टिक ओढून काढलं. आतून गाडीचा आवाज आला, बाहेरपर्यंत ऐकू येईल इतका स्वच्छ: "आता खात्री झाली आहे. प्रवास सुरू करत आहे." उघडं दार आपोआप लागलं. फाटकवाला हात हलवून "थांब, थांब" म्हणत होता, पण तो काही प्रवासी नव्हता आणि गाडीला आता काही संशय नव्हता. ती रुळांवरून उतरली, वेगाची मर्यादा पाळत पुढं आली, आणि खांबाला टेकलेल्या भागूच्या समोरून निघून गेली. उतरलेल्या प्रवाशासाठी परत थांबावं, असं कुठल्याही कलमात नव्हतं.

काचेमागं ताई दिसली. ती समोर बघत होती. दोन्ही हातांनी तिनं पुढच्या वॉकरचा दांडा धरला होता.

भागू दवाखान्यापर्यंत एका पायात चप्पल घालून चालत गेली. वाटेत दोनदा कुणीतरी विचारलं, बाई बरं वाटत नाही का. तिनं हो म्हटलं की नाही, कोण जाणे. तिला रेल्वेची भीती आता वाटत नव्हती, गाडीचीही नाही. दवाखान्याच्या दाराची वाटत होती. आत लांबलचक बाकावर ताई बसली असेल आणि मान वर करून बघेल, याची.

ताई बसली होती. मान वर करून बघितलं. "आलीस? बस," म्हणाली, आणि कानाला लावलेल्या मोबाईलमध्ये मुलाशी बोलत राहिली.

"नाही रे, काही नाही झालं. मावशी होती ना. ती धावत जाऊन फाटकवाल्याला घेऊन आली, त्यानं ते काढलं... हो, तिनंच. हो रे, आपली मावशीच. मला पण खरं वाटेना. बरं, ठेवते."

भागू बाकाच्या टोकाला बसली. तोंड उघडणार एवढ्यात तिचाच मोबाईल वाजला. साहेब होते, आणि त्यांचा सूर अगदी सुटल्यासारखा.

"मॅडम, कळलं मला. तुम्ही स्वतः होतात म्हणे! पण ऐका, रेल्वेनं कळवलंय. फाटक बंद झाल्याशिवाय त्यांचा सिग्नलच पडत नाही. आगगाडी वळणापलीकडे उभीच होती, नुसती शिट्या मारत होती. धोका नव्हताच मुळी! कंपनी म्हणतेय आमच्या गाडीनं नियम तंतोतंत पाळला, रेल्वे म्हणतेय आम्हीही पाळला. म्हणजे कुणाचंच काही चुकलं नाही. तरी तो 'जागीच'मधला 'च' काढून टाकू या का? तुम्हीच ठरवा. तुम्ही तिथं होतात."

"साहेब, मी नंतर बोलते," ती म्हणाली.

आगगाडी उभीच होती. म्हणजे कुणी मरणारच नव्हतं. ती ताईजवळ थांबली असती तरी काही झालं नसतं. दोघी नुसत्या आत बसून राहिल्या असत्या, कुरकुरल्या असत्या, घरी जाऊन हसल्या असत्या. हे ऐकून कुणालाही हायसं वाटलं असतं. भागूच्या मात्र काळजाचं पाणी पाणी झालं.

"ताई," ती म्हणाली. "मी त्याला काही सांगितलं नाही. त्यानं विचारलं आत कुणी आहे का, तरी सांगितलं नाही. मी पळाले."

समोरच्या भिंतीवर हात धुवायचं चित्र लावलं होतं, ते ताई बघत राहिली.

"माहितेय," ती म्हणाली. "तू दार उघडं टाकून गेलीस. तिथून सगळं दिसत होतं."

"मग त्याला असं का सांगितलंस?"

"पोराला काय सांगू? तो तिकडं, आपण इकडं. उगाच त्याच्या जिवाला घोर." ताईचा आवाज नेहमीसारखाच होता, चढलेला नाही, रडवेला नाही. "आणि तुला काय मी आज ओळखते? घाबरलीस. माणूस घाबरतं. मी काही धरून बसणार नाही हं मनात. खरंच सांगते."

आणि तिनं ते मनापासून सांगितलं होतं. भागूला खोटं ओळखता यायचं, हे खोटं नव्हतं. तिच्या डोळ्यांना धार लागली. तिला वाटलं, सुटलो. आता घरी जाऊ, भात टाकू, हिचा पाय उशीवर ठेवू, सगळं पूर्वीसारखं होईल.

आतल्या दारातून नर्सनं ताईचं नाव पुकारलं.

ताईला उठायचं होतं. भागूनं डोळे पुसले, पटकन उभी राहिली आणि दोन्ही हात पुढं केले. ताईनंही हात उचलला. अर्ध्यात आला आणि तिथंच थबकला. ताईनं त्या पुढं केलेल्या हातांकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं जे भागूनं त्या चेहऱ्यावर आजवर कधी बघितलं नव्हतं, पण आरशात रोज बघितलं होतं. ताई घाबरली होती. या हातांवर भार टाकायला घाबरली होती. तिला स्वतःलाही ते नको होतं, तिनं पुन्हा एकदा हात पुढं न्यायचा प्रयत्न केला, आणि हात गेला नाही.

"अहो दादा," तिनं स्ट्रेचर ढकलत चाललेल्या अनोळखी वॉर्डबॉयला हाक मारली, "जरा इकडे या. मला धरा."

त्यानं येऊन तिला काखेत धरलं. ताईनं सगळं अंग त्याच्यावर टाकलं आणि उभी राहिली. दोन पावलं गेल्यावर तिनं मागं वळून बघितलं, आणि अगदी मायेनं म्हणाली, "तू बस गं. धावून दमली असशील."